मनगटावरची धडधड

कुणी नवीन वस्तू आणली की पहिले चार दिवस तिचं कौतुक चालतं आणि मग किस्से साठायला लागतात. आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमध्ये हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ आलं. सहा महिन्यांत इतके किस्से साठलेत की आता कुणाला तरी सांगितले नाहीत तर माझंच बीपी वाढेल!

ग्रुप म्हणजे आम्ही चौघंच. गणिताचे रिटायर्ड शिक्षक कदम सर. आमच्याच सोसायटीतल्या सुलभाताई, मुंबईत ऑफिसला जाणाऱ्या. निर्मळ गावचे हेमंतभाऊ, यांची केळीची आणि फुलांची वाडी. भाऊ पहाटे टेम्पोतून आगाशीच्या बाजारात माल टाकतात आणि तिथूनच आमच्याबरोबर चालायला लागतात. आणि चौथा मी, बीपीची गोळी नुकतीच सुरू झालेला.

घड्याळ पहिल्यांदा आणलं कदम सरांनी. तोवर आम्ही निर्मळच्या रस्त्याला गप्पा मारत चालायचो. घड्याळ आलं आणि गप्पा संपल्या!

"शंभर!" सर म्हणायचे. दहा पावलं चाललो की, "एकशे आठ!" मग रस्त्याच्या मधोमध थांबून, "थांबा थांबा, एकशे सतरा!"

मागून स्कूटरवाला शिव्या घालत गेला, तरी सरांची नजर मनगटावरच. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. ती मी तीन दिवस सांगायचा प्रयत्न करत होतो आणि तीनही दिवस मला आकडेच ऐकवले गेले.

शेवटी हेमंतभाऊ वैतागले. "सर, आपण चालायला आलोय की लिलावाला? सांगा तरी, तुम्हाला घेतलं कितीला!"

* * *

त्यानंतर सुलभाताईंना त्यांच्या ऑफिसने तसलंच घड्याळ दिलं. कर्मचाऱ्यांच्या तब्येतीची काळजी म्हणे! तब्येतीची काळजी असेल तर संध्याकाळी वेळेवर घरी सोडा ना. ते नाही.

एका रविवारी सोसायटीत पाण्याचा टँकर आला आणि सेक्रेटरीने तो आधी स्वतःच्या विंगला लावला. ताई खाली उतरल्या. मी गॅलरीतून बघत होतो. ताईंचा आवाज असा मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. सेक्रेटरी भिंतीला टेकला होता.

तेवढ्यात ताई एकदम गप्प झाल्या, मनगटाकडे बघितलं, एक बटण दाबलं आणि पुन्हा तिथूनच सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "मध्येच काय केलंत?"

"अहो, ते मेलं घड्याळ विचारत होतं, तुम्ही व्यायाम करताय का? मी 'हो' दाबलं. बावीस मिनिटं झाली. शेवटी शाबासकी दिली त्याने! सेक्रेटरीने मात्र अजून माफी मागितलेली नाही."

* * *

एवढं झाल्यावर आमच्या घरी सुरू झालं, "तुम्हीही एक घ्या." मी म्हटलं, बघून तर येऊ. हेमंतभाऊंना घेऊन विरारला दुकानात गेलो.

काउंटरवरचा सेल्समन फार गोड बोलायचा. "काका, एकदम ॲक्युरेट. बिनधास्त घ्या. हार्ट, झोप, टेन्शन, सगळं कळतं."

"कसं कळतं?" मी विचारलं.

"खाली हिरवी लाइट आहे ना, ती सगळं पकडते."

हेमंतभाऊंनी पिशवीतून वाडीतलं एक केळं काढलं, जाडसर, पिकलेलं. काउंटरवर ठेवलं आणि घड्याळाचा पट्टा त्याला नीट बांधला. सेल्समन "काका, काका" करत राहिला. हिरवी लाइट लागली. आम्ही तिघं वाकून बघत होतो.

ब्याऐंशी!

सेल्समनचं तोंड उघडंच. हेमंतभाऊंनी मात्र छातीवर हात ठेवला. "अरे देवा! आणि मी सकाळी अख्खे चार घड कापून आलोय!"

* * *

मग विचार केला, दुकानदाराला काय विचारायचं, डॉक्टरांनाच विचारू. आमच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण स्पष्ट बोलतात.

"चालताना बोलता येतं?" त्यांनी विचारलं.

"येतं. पण ऐकून कोणी घेत नाही."

"गाणं म्हणता येतं?"

"दम लागतो."

"मग वेग बरोबर आहे. आणि तुमची गोळी हृदयाचा वेग मुळातच कमी ठेवते. घड्याळ वयावरून हिशेब करून सांगेल, ठोके एवढ्यावर न्या. ते गाठायला तुम्ही ऊर फुटेस्तोवर धावाल. माझ्याकडे परत याल, पण स्ट्रेचरवर."

मला इतका संताप आला! एवढी साधी गोष्ट त्या खोक्यावर कुठेच लिहिलेली नाही. उठताना माझी नजर त्यांच्या मनगटावर गेली. तेच घड्याळ! तोच पट्टा!

"अहो, मग तुम्ही का घातलंय?"

"वेळ बघायला," बाई म्हणाल्या. "नेक्स्ट पेशंट!"

* * *

पुढचं सांगताना मला अजून राग येतो.

गेल्या महिन्यात एका सकाळी कदम सर चालता चालता रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसले. शर्ट घामाने ओला. जबडा दुखतोय म्हणाले, डावा हात जड वाटतोय. सुलभाताई घाबरल्या. "सर, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल."

सरांनी मनगट पुढे केलं. "काही नाही हो. शहात्तर. एकदम नॉर्मल!"

"सर, चेहरा बघा स्वतःचा!"

"चेहरा हा काही पुरावा नाही."

हा माणूस आयुष्यभर पोरांना सिद्धता शिकवत आला. जीव जायची वेळ आली तरी वाद आकड्यावर! मी हात धरून उठवायला गेलो तर माझा हात झटकला.

हेमंतभाऊ तोवर पळत जाऊन टेम्पो घेऊन आले होते. त्यांनी वाद घातलाच नाही. सरांना सरळ काखेत हात घालून उचललं. "सर, घड्याळ नॉर्मल आहे तर ते इथे बसू दे. तुम्ही चला."

हॉस्पिटलमध्ये ईसीजीचा कागद बाहेर आला आणि नर्सबाई धावायलाच लागल्या. हार्ट अटॅक होता. वेळेत पोचलो म्हणून सर वाचले, आता घरी आहेत, हळूहळू चालतात. घड्याळाने ठोके बरोबर मोजले असतीलही. पण ठोके बरोबर म्हणजे हृदय बरोबर, हे सरांना सांगितलं कुणी? त्या माणसाला मला एकदा भेटायचंय!

* * *

त्याच सकाळची गोष्ट. सरांना आत नेलं होतं. बाहेर बाकावर कदम वहिनी, शेजारी मी. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत, रडल्या नाहीत. पदर मांडीवर, पाठ ताठ. मला वाटलं, काय धीराची बाई आहे!

फोन वाजला. मुलगा निखिल, बंगळुरूहून. सरांच्या घड्याळाचे आकडे त्याला त्याच्या मोबाइलवर दिसायचे, हे मला तेव्हा कळलं. वहिनींना बटण सापडेना, म्हणून मीच स्पीकर लावून दिला.

"आई, मी एअरपोर्टवर आहे, निघतोय. पण तू आधी आत जाऊन डॉक्टरांना सांग! बाबांचे ठोके एकशे अडतीस दाखवतायत. मघापासून खाली येतच नाहीयेत! आई? ऐकतेयस ना?"

वहिनींनी सावकाश डावा हात वर केला, बघितला.

"अरे, घड्याळ माझ्या हातात आहे," त्या म्हणाल्या. "आत जाताना त्यांनी काढून मला घातलं."