सिस्टरची काळी मोटरसायकल

म्हसावदच्या प्रतिभा सिस्टर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गावात त्यांना कोणी काकू म्हणत नाही की मावशी म्हणत नाही. त्या सिस्टरच. नोकरीचा बहुतेक काळ त्यांनी मोलगीकडच्या डोंगरात काढला. आरोग्य उपकेंद्र एका टेकडीवर, पाडे पलीकडच्या चार टेकड्यांवर. सुरुवातीला त्या पायी फिरल्या. मग एक दिवस घरात कोणाला न विचारता काळी हिरो होंडा घेऊन आल्या. नवरा गोपालनाना केळीच्या बागेतून घरी आला तर ओट्याशी गाडी उभी. नानांना मोटरसायकल तेव्हा येत नव्हती, आजही येत नाही. बायकोच्या मागे बसायचं नाही, एवढं मात्र त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं, आणि पुढची सगळी वर्षं ते जीपने नाहीतर एस्टीने फिरले.

सिस्टरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून गाडी गोठ्याच्या कडेला पोत्यांखाली उभी होती. गुडघा बरा झाला, पण गाडीवरची पोती कोणी काढली नाहीत.

चैत्रात मोलगीहून करमसिंगचा फोन आला. त्याच्या लेकीचं, ममताचं लग्न ठरलं होतं. ही ममता जन्मली तेव्हा करमसिंगच्या पाड्यावर पोहोचायला दुसरं काही वाहन नव्हतं. सिस्टर याच गाडीवरून, कंदील लावलेल्या घरापर्यंत, ओढ्यातून गाडी ढकलत गेल्या होत्या. पोर पोटात आडवी होती. आई आणि लेक दोघी वाचल्या.

फोन ठेवला आणि सिस्टर सरळ गोठ्यात गेल्या. पोती ओढली. गाडीवर धुळीचा थर होता आणि सीट उंदरांनी कुरतडलेली होती.

"जीपमा जाऊत ना," नाना म्हणाले. "गाडीना नाद सोड."

"त्या पोरीना जलमले मी ह्याच गाडीवर गयथू. आते लगीनले जीपमा जासू का?"

नाना चहा टाकायला घरात गेले.

सिस्टरनी आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. ते कोऱ्या चहासारखं झालं होतं आणि वास तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा. ते फेकून टाकी धुतली, नवं पेट्रोल भरलं, प्लग बदलला. किक मारली. एकदा, दोनदा, आणि मग कितीतरी वेळा. शेवटी चोक ओढल्यावर गाडी खोकली आणि चालू झाली. चोक सोडला की बंद. पुन्हा चोक, पुन्हा चालू, पुन्हा बंद.

बाजारातला मेकॅनिक भिकन येऊन बघून गेला. लग्नसराईमुळे त्याच्या दुकानासमोर गाड्यांची रांग होती. "कार्बोरेटरमा कचरा शे, सिस्टर. आठ दिन थांबा, मी खोली देस," एवढं सांगून तो गेला.

आठ दिवस लग्न थांबणार नव्हतं. डोंगरात असताना गाडी बंद पडली तर सिस्टरच ती खोलायच्या, कारण तिथे दुसरं कोणी नव्हतंच. त्यांनी ओट्यावर जुनी साडी अंथरली, कार्बोरेटर उतरवला आणि एकेक भाग ओळीने मांडला. आत सगळीकडे पिवळा चिकट थर बसला होता. गाडी सावकाश चालते तेव्हा पेट्रोल ज्या बारक्या जेटमधून येतं, त्याचं भोक तर पार बुजलेलं. नानांनी त्यांच्या सांगण्यावरून विजेच्या वायरीतून तांब्याची एक तार उपसून दिली. सिस्टरनी जेट उजेडाकडे धरला, तारेने हळूहळू मोकळा केला, आणि पलीकडचं आभाळ दिसायला लागलं तेव्हा नानांच्याही डोळ्याला लावला.

"दिखस का?"

"दिखस," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडं कौतुक होतं, ते सिस्टरनी ऐकलं.

जोडून किक मारली तर गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. चोक सोडला तरी चालू. सिस्टरनी हेल्मेट घातलं आणि शहादा रस्त्याला लागल्या. गावाची वेस ओलांडली, उसाचं शेत लागलं, वारा चेहऱ्यावर आला. एवढ्यात गाडीने दोन आचके दिले आणि मेली.

त्यांनी पेट्रोल आहे का ते बघायला टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोल भरपूर होतं. झाकण लावलं, किक मारली, गाडी चालू. परत वळल्या, तर गावाच्या अलीकडे पुन्हा आचके, पुन्हा बंद. पुन्हा झाकण उघडलं, पुन्हा चालू. घरी पोचेपर्यंत हेच.

नाना ओट्यावर उभेच होते. "हाई गाडी आते भंगारमा दी टाक. तिना जीव सरना."

सिस्टरना काहीतरी आठवत होतं, पण हाताला लागत नव्हतं. त्यांनी गाडी पुन्हा गल्लीतून फिरवली आणि ती बंद पडली तेव्हा या खेपेला झाकण मुद्दाम उघडलं नाही. किकवर किक मारल्या. काही नाही. मग नानांना जवळ बोलावलं, कान टाकीला लावायला सांगितला आणि झाकण फिरवलं.

फुस्स.

"ऐकं का?"

"वारा गया मझार," नाना टाकीच्या आत बोट दाखवत म्हणाले.

सिस्टर तिथेच रस्त्यात हसायला लागल्या. पूर्वी सलाईनच्या बाटल्या काचेच्या असत. बाटली उलटी टांगली तरी थेंब पडत नसे. वर हवेसाठी दुसरी सुई टोचावी लागे, तेव्हा कुठे सलाईन खाली वाहायचं. हजारदा केलेलं काम. टाकीतून पेट्रोल खाली जायचं तर वरून हवा आत यायला हवी.

"अहो, हिले हवा नही भेटी ऱ्हायनी."

झाकणावर किल्लीच्या खाचेजवळ हवेसाठी बारीक भोक असतं. त्यात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, सिमेंटसारखं घट्ट. सिस्टरनी झाकण काढून हातात घेतलं आणि शिवणाच्या सुईने ती माती कोरून काढली. मग फुंकर मारली, आणि पलीकडून नानांच्या तळहाताला वारा लागला.

गाडी शहाद्यापर्यंत गेली आणि परत आली. एकदाही आचका नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी नाना धुवट टोपी घालून जीपच्या थांब्याकडे निघाले. सिस्टर गाडी घेऊन त्यांच्या बाजूला आल्या आणि इंजिन चालूच ठेवून थांबल्या.

"बठा," त्या म्हणाल्या.

थांब्यावर ओळखीची माणसं होती. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि धोतराचा काष्टा सावरून मागे बसले. कोणी हसलं नाही. एकाने तर हात वर केला.

तळोदा गेलं, अक्कलकुवा गेलं. देवगोईच्या घाटात रस्ता वळणावळणाने वर चढायला लागला तशी नानांनी सिस्टरचा खांदा धरला. "धीरे, धीरे," ते म्हणत होते. एका वळणावर मात्र ते वाकून दरीत बघायला लागले. खाली पळसाची झाडं तांबडी झालेली होती आणि मोहाचा वास येत होता. हा रस्ता त्यांनी जीपमध्ये कोंबलेल्या माणसांच्या मांड्यांमधूनच पाहिला होता.

"रोज आथाईनच जाये का तू?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"माले कधी सांगं नही."

"तुमी कधी बठनात नही."

पाड्यावर पोचल्या पोचल्या ढोल ऐकू आला. करमसिंग धावत आला, पण आधी गाडीकडे, मग सिस्टरकडे. "हीच ना? तीच गाडी?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. त्याने टाकीवरून हात फिरवला. चांदीचे दागिने घातलेली ममता बायकांच्या घोळक्यातून बाहेर आली, सिस्टरच्या पाया पडली आणि सरळ म्हणाली, "मला एक चक्कर मारून आणा."

बायका ओरडल्या, करमसिंगने आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. नवरी मागे बसली, पैंजण सायलेन्सरला लागू नयेत म्हणून पाय दुसऱ्या बाजूला घेतले, आणि सिस्टरनी तिला कापणी झालेल्या शेताभोवती फिरवलं. ढोलवाले गाडीमागे पळत होते.

परतल्यावर सिस्टर आंब्याखाली टेकल्या. समोर नाचणाऱ्यांनी रिंगण धरलं होतं. त्यात गोपालनाना होते. एका बाजूला करमसिंगचा हात, दुसऱ्या बाजूला कोणा म्हाताऱ्याचा, टोपी घामाने भिजलेली. पाऊल चुकत होतं आणि शेजारचा म्हातारा त्यांना ते खुणेने शिकवत होता. सिस्टरनी निघायचं का म्हणून हाताने विचारलं. नानांनी नाचता नाचताच नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा रिंगणाकडे तोंड फिरवलं.