उंबऱ्याचा उतार

बायकोला व्हीलचेअरवर बसवून गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रीच्या दुकानात नेलं, तेच आमचं शेवटचं सोबत फिरणं. उंबऱ्यावरून खुर्ची उचलायला रोज शेजाऱ्यांना बोलवावं लागायचं, त्याची तिला लई लाज वाटायची. म्हणून उताराची फळी पाहिजे होती.

मिस्त्री दिवसभर विजेच्या करवतीच्या आवाजात राहिलेला, म्हणून ओरडूनच बोलायचा. लाकूड करवतीच्या मागच्या पट्टीला घट्ट टेकवायचा, अन् पातं पुरतं थांबल्याबिगर लाकडाला हात लावायचा नाय.

बायकोनं विचारलं, "तिरपं कसं कापता?"

"चाची, नीचे का पाट घुमाया तो कोना कटता. ऊपर की मुंडी झुकाई तो ढाल." त्यानं करवतीचं डोकं तिरकं करून दाखवलं.

"मग मुंडीच झुकवा, मला उतारच हवा. मला कुणी उचलायला नको."

"कल लगा देतूं."

रात्री ती झोपेतच गेली.

सकाळी फळी अन् ड्रिल घेऊन मिस्त्री आला. दारातला चपलांचा ढीग बघून त्याला कळलं.

मी म्हणलं, "आता काय करायची फळी?"

दाराशी ठेवलेल्या तिरडीकडे बघत तो हळूच बोलला, "चाचा, उठानेवालां का पाँव अटकना नक्को."

ड्रिल त्यानं बाहेरच ठेवलं. उंबऱ्याशी बसून एकेक स्क्रू हातानं पिळत राहिला.