दादाच्या गिटारची मान

काका दुकानांची शटरं दुरुस्त करतात आणि अडकलेल्या शटरला चक्क अहोजाहो करतात. "उठा महाराज, गिऱ्हाईक खोळंबलंय!" ही नक्कल मी इतकी हुबेहूब करायचे की एकदा काकू "आलात? हात धुवा" म्हणत बाहेर आली होती.

दादा गेला, तसं काकांचं हे बोलणं संपलं. त्यांचा एकुलता एक मुलगा. आता ते नुसतं तेल सोडतात आणि शटर उचलतात.

पलंगाच्या फळीतून दादाने बेस गिटार बनवली होती. वाजली की भिंतीवरचं घड्याळ थरथरायचं आणि स्वयंपाकघरातून काकू ओरडायची, "बंद कर रे ते घुर्रर्र!" तो गेल्यावर गिटार खुंटीला लटकून होती. चार जाड तारांच्या ओढीने तिची मान पार धनुष्यासारखी वाकली.

"तारा सोड, नाहीतर मोडेल," बाबा काकांना म्हणाले.

"त्याने लावल्यात त्या. सोडल्या की त्याचा सूर गेला."

"मी धरून ठेवते सूर," मी म्हटलं.

"तू? म्हशीचे आवाज काढतेस तू!"

"म्हैसही खालच्याच सुरात असते, काका."

ते हसता हसता राहिले. एकेक तार छेडून त्यांनी मला ऐकवली, मी घोकली. मग तारा उतरल्या. मान शिकंज्यात सरळ करून काकांनी तिच्या पाठीत लांब खाच पाडली, शटरची लोखंडी पट्टी तासून तीत बसवली आणि गोंद भरला. गोंद वाळेपर्यंत मी कुणाचीच नक्कल केली नाही. शाळेतसुद्धा आपली घूं घूं.

दुसऱ्या दिवशी मी सूर देत गेले, काका तारा पिळत गेले. मान ताठ राहिली.

"हा नव्हे," स्वयंपाकघरातून काकू म्हणाली. "सगळ्यात जाड तारेचा सूर अजून वर होता."

मान वाकली तसा सूरही उतरला होता. मी उतरलेलाच पाठ केला होता. काकू दारात आली आणि तोंड मिटून तिने घुर्रर्र केलं. अगदी हुबेहूब. काकांनी तार तिच्या सुराला नेली, बाकीच्या तिघी तिच्यामागून चढवल्या. काकू पोळ्यांकडे वळली.

काकांनी स्पीकरची वायर जोडून तार छेडली. घड्याळ थरथरलं.

"बंद कर रे ते!"

तिने 'रे' म्हणावं असं घरात आता कुणी नाही. काकांनी तारांवर पंजा ठेवला.