शेड तीनला ऐकू येत नाही

सांगवीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीजवळची एक सीट रिकामी असली तरी तिथे कुणी बसत नाही. ती वासंतीबाईंची. तसा नियम नाही, पाटीही नाही. एकदा स्टोअरमधला एक नवा माणूस चुकून बसला, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "बसा, बसा. मी उभी राहते. गुडघेच तर दुखतात, जीव थोडाच जातोय." तो उठला तो थेट मागच्या बाकावर गेला आणि पुढे महिनाभर दुचाकीनेच येत होता म्हणतात. खरं-खोटं त्या बसलाच ठाऊक.

राग हा वासंतीबाईंचा दागिना. इतर बायका नथ मिरवतात, या कपाळावरची आठी. यजमान बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. सकाळी स्वयंपाकघरातून भांड्यांचा कसा आवाज येतो त्यावरून ते ठरवतात, की आज पेपरातली बातमी मोठ्याने वाचून दाखवायची की मनातल्या मनात वाचायची. मुलगी अनुया नोकरीसाठी बंगळुरूला गेली, तेव्हा शेजारणींनी तिचं अभिनंदन नोकरीबद्दल केलं की सुटकेबद्दल, हे शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

पण एक खरं. बाई कामाला पक्क्या. कंपनी मोटारींच्या दारांची कुलुपं बनवते. एक नंबरच्या शेडमध्ये प्रेस, दोनमध्ये रंग, तीनमध्ये जुळणी. प्रत्येक शेडमध्ये एक लोखंडी कपाट आणि त्यात एकेक राउटर. फोन, कॉम्प्युटर, भिंतीवरचे स्पीकर, सगळं त्यांच्यावर चालतं आणि ते तिन्ही राउटर चालतात वासंतीबाईंच्या धाकावर. "अनुयापेक्षा जास्त ऐकतात," असं त्या अभिमानाने सांगतात.

तर दसरा होऊन गेल्यावर एका सकाळी कंपनीत आगीची कवायत ठरली. गेटच्या केबिनमधल्या माइकवरून घोषणा व्हायची, "सर्वांनी ताबडतोब मैदानात जमावे," आणि तिन्ही शेड रिकाम्या व्हायच्या. प्लँट मॅनेजर नंदकिशोर गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात उभा. हा माणूस शिट्टीशिवाय कधी दिसत नाही. लग्नातही घालून गेला असेल. घोषणा झाली. एक नंबर आली, दोन नंबर आली. तीन नंबरमधून चिटपाखरू नाही.

नंदकिशोर धावत आत गेला, तर जुळणीच्या लाइनवरच्या बायका शांतपणे स्क्रू पिळत बसलेल्या. त्यांच्यातली सगळ्यात जुनी शालनबाई मान वर करून म्हणाली, "आग? कुठंय? आम्हाला कुणी बोलावणंच केलं नाही, साहेब."

साहेब तणतणत बाहेर आला आणि भरल्या मैदानात म्हणाला, "मॅडम, तुमचे स्पीकर मुके झालेत. खरी आग असती तर?"

हाच प्रश्न वासंतीबाईंच्या मनात आधीच सुईसारखा टोचत होता. तो दुसऱ्याच्या तोंडून, तोही नंदकिशोरच्या तोंडून ऐकल्यावर तळपायाची आग मस्तकात गेली. अशा वेळी त्यांना समोर एक माणूस लागतो. आणि समोर नेमका किसन उभा होता.

किसन कंत्राटदाराचा वायरमन. वासंतीबाईंपेक्षा वयाने मोठा, शेजारच्याच गावचा. ज्या माळावर शेड तीन उभी आहे तिथे त्याने पोरवयात शेळ्या राखल्यात. खंडेनवमीला सगळी यंत्रं बंद करून, पुसून, हळदीकुंकू लावून त्यांची पूजा होते. यंदा नंदकिशोरने फर्मान काढलं होतं, की कॉम्प्युटरची कपाटंसुद्धा सोडायची नाहीत. शेड तीनचं कपाट किसनच्या वाट्याला आलं होतं. त्या दिवशी बाईंच्या घरी घट बसलेले, त्या रजेवर. आपल्या राउटरला आपल्या माघारी कुणीतरी हात लावला, हे त्या दसऱ्यापासून मनात धरून होत्या.

"अरे किसन!" मैदानभर आवाज गेला. "कपाटावर नारळ फोडलास ना माझ्या? पाणी घातलंस ना आत? राउटर म्हणजे काय तुझ्या विहिरीवरची मोटर वाटली?"

"न्हाई म्याडम, नारळ तर आमी..."

"एक शब्द बोलू नकोस!"

लोक फिदीफिदी हसले. किसनने कानाला गुंडाळलेला मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. नंदकिशोरला तर आयताच गुन्हेगार मिळाला. त्याने तिथल्या तिथे कंत्राटदाराला फोन लावला. "तुमचा तो किसन उद्यापासून नको. संध्याकाळी गेटपास जमा करून घ्या."

बाईंनी ते ऐकलं. आत कुठेतरी चुटपुटलं. पण राग गरम होता, चुटपुट गार होती. गरम जिंकलं.

लॅपटॉप घेऊन त्या शेड तीनमध्ये आल्या आणि तावातावाने कपाट उघडलं. पाण्याचा डाग शोधायला लागल्या. वर बघितलं, खाली बघितलं, मोबाईलचा दिवा लावून मागे बघितलं. डाग नाही. दाराच्या बाहेरच्या बाजूला कुंकवाचं एक बोट, कडीला झेंडूची वाळकी माळ, आणि आतला राउटर कोरड्या फडक्याने असा पुसलेला, की बाईंनी स्वतः कधी पुसला नव्हता. रागाला बसायला जागाच मिळेना.

"कोंबडी अंड्यावर बसलीय का ओ मॅडम आत?" शालनबाई चहाचा कप घेऊन मागे येऊन उभी राहिली होती. "केवढं हळू धुंडाळताय आता."

"शालनबाई, तुमचं काम नाही का?"

"आमचं झालं. तुमचं काय अडलंय ते सांगा की. बोलावणं आम्हालाच आलं नव्हतं ना."

वासंतीबाईंना चिडतानाच नीट समजावता येतं, ही त्यांची खोड. की-बोर्ड बडवत त्या सांगायला लागल्या. गेटवरून आवाज प्रत्येक स्पीकरला वेगवेगळा पाठवत नाहीत, एकदाच सोडतात. ज्या शेडला हवा, तिच्या राउटरने तो मागून घ्यायचा. न मागणाऱ्याच्या दारात तो जात नाही. तार उगाच भरून जायला नको, म्हणून ही व्यवस्था.

"म्हणजे आमच्या राउटरने मागितलाच नाही?"

बाईंनी तपासलं. स्पीकर चालू होते, त्यांनी राउटरला आवाज मागितला होता, राउटरने ती मागणी नोंदवून घेतलीही होती. तिन्ही राउटर एकमेकांना ओळखत होते. फोन चालू, कॉम्प्युटर चालू. वाट मोकळी, मागणी रुजू, आणि आवाज मात्र नाही.

मग त्यांनी शेवटची गोष्ट विचारली, जी खरं तर पहिली विचारायची. मागणी नेमकी कुठे पाठवतोस रे बाबा?

हे म्हणजे कंपनीच्या बससारखं आहे. बस प्रत्येकाच्या दाराशी येत नाही. एक थांबा ठरलेला असतो, बसही तिथे येते आणि माणसंही. बोलणारा आणि ऐकणारा यांची पहिली गाठ अशाच एका ठरलेल्या राउटरवर पडते, आणि त्याचा पत्ता तिन्ही शेडना तोंडपाठ लागतो. एक आणि दोन नंबरला तो पत्ता बरोबर ठाऊक होता. तीन नंबर जुना पत्ता घेऊन बसली होती. त्या पत्त्यावरचा राउटर उन्हाळ्यातच भंगारात गेला होता. थांबा हलला, बस नव्या थांब्यावरून रोज सुटत होती, आणि शेड तीन जुन्या खांबाखाली डबा घेऊन उभी.

"कुणी बदललं हे?" बाई ओरडल्या. आणि ओरडता ओरडताच थांबल्या. पासवर्ड त्यांच्याशिवाय कुणाकडे नव्हता.

उन्हाळ्यात नवा पत्ता त्यांनी स्वतः याच कपाटासमोर बसून भरला होता. या यंत्राचं असं, की सांगितलेलं लगेच ऐकतं, पण वेगळं सेव्ह करावं लागतं. नाही केलं, तर बंद होऊन चालू झालं की जुनंच आठवतं. पत्ता भरला, घोषणा करून बघितली, आवाज खणखणीत आला. आता सेव्ह करायचं, तेवढ्यात फोन वाजला. नंदकिशोर. "मॅडम, कपाटाला पंखा कशाला मागितलाय? राउटरला काय घाम येतो?"

बाईंनी लॅपटॉप फाडकन मिटला होता आणि त्या तडक त्याच्या केबिनमध्ये जाऊन अशा भांडल्या होत्या, की दोन नंबरच्या शेडमधले लोक रंगाचे फवारे थांबवून ऐकत राहिले. पंखा मिळाला. सेव्ह करायचं राहिलं. आणि खंडेनवमीला किसनने साहेबाच्या हुकमाने राउटर बंद केला, पुसला, चालू केला.

तो पंखा आता त्यांच्या तोंडावर गार वारा सोडत फिरत होता.

"काय झालं?" शालनबाईने विचारलं. "मिळालं का पाणी?"

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी पत्ता भरला, सेव्ह केला, पुन्हा सेव्ह केला. स्वतःच्या हाताने राउटर बंद करून चालू केला. पत्ता जागेवर होता. राग आता बाहेर जायला वाट नसल्यामुळे आतल्या आत धडका देत होता.

त्या नंदकिशोरच्या केबिनमध्ये शिरल्या. "किसनला काढू नका. चूक त्याची नाही. माझी आहे."

नंदकिशोरने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, शांत व्हा. वरती काहीतरी कारण सांगावंच लागणार मला. किसनचं नाव सांगून झालंय. तो कंत्राटी माणूस, पंधरवड्यात दुसऱ्या गेटवर दिसेल. तुम्ही पर्मनंट. कशाला अंगावर घेताय? समजा, नारळच फुटला."

आजवर बाई चिडायच्या ते सगळं सराव म्हणून होतं, असं त्या केबिनबाहेरचे लोक सांगतात. कारण या वेळी त्या ओरडल्याच नाहीत. "समजा? शेड तीनमध्ये बायका आत राहिल्या, तेही समजा का? खरी आग असती, तर मी कुणाच्या नारळावर घातलं असतं? आणि सकाळी ज्याला मी चोरासारखं उभं केलं, त्याच्या पोटावर पाय द्यायला तुम्हाला माझंच तोंड सापडलं?"

"मॅडम, मी तुमच्या भल्यासाठी..."

"माझं भलं तुमच्याकडे ठेवू नका. हरवाल."

दार आपटून त्या निघाल्या ते गेटवर. किसन केबिनच्या बाहेर दगडावर बसला होता. गेटपास काढून शर्टाच्या खिशात ठेवलेला, डब्याची पिशवी मांडीवर.

"किसनराव," बाई म्हणाल्या. सकाळच्या 'अरे'चा आता 'राव' झाला होता, पण आवाज तसाच कडक. "नारळाचं मी बोलले ते खोटं होतं. माझंच सेव्ह करायचं राहिलं होतं. माफ करा."

किसनने वर बघितलं नाही. "नारळ आमी बाहेर अंगणात फोडला व्हता. खोबरं तुमच्या टेबलावर ठिवलं व्हतं, ते खाल्लंत तुमी."

"हो. खाल्लं."

"सकाळी समद्या कंपनीपुढं मला झाडलंत. अन् माफी हितं, वॉचमनपुढं? वॉचमन तर माझा साडू हाय. त्याला आधीच ठावं हाय मी काय केलं न्हाई ते."

"मग काय, मैदानात दवंडी पिटू?" बाई भडकल्या.

"तुमची दवंडी हाय की आत. समद्या शेडला जाती म्हनं." किसन उठला, पिशवी खांद्याला अडकवली. "तसंबी शेड तीनमधी आवाज येतो का, ते कुनीतरी हुबं ऱ्हाऊन बघाया पायजे. मी जातो. फोन चालू ठिवा."

बाई केबिनमध्ये गेल्या. साडूने अदबीने खुर्ची पुढे केली. शेड तीनमधून किसनचा फोन आला, तो त्यांनी एका कानाला लावला. माइकचं बटण दाबलं. घसा खाकरला, तर ते खाकरणं एक नंबरच्या शेडमधून परत ऐकू आलं.

"सर्वांनी लक्ष द्या. सकाळी मी किसनरावांवर आळ घेतला. तो खोटा होता. चूक माझी होती."

फोनमधून आवाज आला, "म्याडम, काय ऐकू आलं न्हाई."

बाईंनी कान देऊन ऐकलं. फोनमध्ये त्यांच्याच शब्दांचं शेपूट घुमत होतं आणि त्यामागे बायका खिदळत होत्या.

"किसनराव, मला इथे ऐकू येतंय."

"तुमाला येत आसंल. शेड तीनला न्हाई. शालनबाईला इचारा."

"नाही बाई," शालनबाईचा आवाज. "आम्ही सकाळपासून बहिऱ्याच आहोत."

बाईंनी दात आवळून पुन्हा सगळं सांगितलं, शब्द न् शब्द.

"आता आलं, पर निम्मं," किसन म्हणाला. "चूक म्हनल्याचं आलं. कुनाची ते कळंना."

"माझी!" वासंतीबाई माइकवर अशा कडाडल्या, की रस्त्यापलीकडच्या वडापाववाल्याने झारा खाली ठेवला. "चूक माझी! किसनरावांनी राउटर माझ्यापेक्षा नीट पुसला! आणि ते उद्या कामावर येणार आहेत, साहेबांना काही म्हणायचं असेल तर त्यांनी इथे येऊन याच माइकवर म्हणावं!"

मग तीन नंबरमधून टाळ्या सुरू झाल्या आणि गेटपर्यंत आल्या. नंदकिशोर त्याच्या केबिनच्या खिडकीत उभा होता. त्याने शिट्टी तोंडात घातली, काढली, आणि कंत्राटदाराला फोन लावला.

"आलं का आता?" बाईंनी फोनवर विचारलं.

"आलं म्याडम. टेस्ट पास." किसनचा आवाज आता जरा सैल झाला होता. "फकस्त आवाज कमी करा थोडा. पोरीबाळींच्या कानठळ्या बसल्या."

बाईंनी फोन ठेवला, माइक टेबलावर आपटला, आणि तरातरा उठून दाराकडे जाता जाता एकच शब्द पुटपुटल्या. "मेला!"

बटण बंद करायचं राहिलं होतं. तिन्ही शेडना तो सारखाच स्वच्छ ऐकू आला.