परत आलेला नारळ

आत्ता नारळ फोडला, पाण्याचा गोडसर वास आला आणि कुवेतमधली ती नारळी पौर्णिमा आठवली. मुलाच्या साहेबाने आम्हाला समुद्राजवळच्या बंगल्यावर जेवायला बोलावलं होतं. हवा भट्टीसारखी तापलेली. बंगल्याच्या पायऱ्यांपर्यंत कालवा खणून समुद्राचं पाणी आणलेलं आणि कालव्याच्या तोंडाशी लोखंडी दार. आमच्या खाडीच्या बांधाला उघाडी, म्हणजे झडपेचं दार असतं, ते ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं. हेही तसंच असणार, नारळ समुद्रात जाईल, असं धरून मी दाराजवळ कुंकू लावलेला नारळ पाण्यात सोडला. पण हे दार नेमकं उलटं निघालं, भरतीचं पाणी आत घेणारं. तासाभरात नारळ तरंगत साहेबाच्या पायरीला येऊन लागला. "ये क्या है?" साहेबाने विचारलं. "कुछ नहीं सर, कचरा है," म्हणत मुलाने तो उचलून डब्यात टाकला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आज पुन्हा नारळी पौर्णिमा. सकाळी कुवेतहून त्याचा फोन आला, "आई, आमच्या नावानेही एक नारळ सोड हं समुद्रात." "सोडते," म्हटलं. त्याच्या नावाचा नारळ आत्ता खवतेय. आमच्याकडे समुद्रात कचरा टाकत नाहीत.