आईचा सिंथेसायझर आम्ही निवडला

अन्याय झाला तो माझ्या आईवर. सुनंदा, वय एकोणसाठ, संगीत शिक्षिका, निवृत्त. दिवस: गेल्या जानेवारीतला तिसरा रविवार. वेळ: सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. ठिकाण: विद्यानगर, आमच्या घरातलं जेवणाचं टेबल. करणारे तिघे. त्यांतले दोघे पुरुष आहेत, म्हणून मी हा मजकूर मोठ्या हौसेने लिहायला घेतला. तिसरं नाव लिहायची वेळ आली तेव्हा पेन अडखळलं. तिसरी मी.

आईने अठ्ठावीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं, म्हणजे अठ्ठावीस वर्षं डाव्या हाताने पेटीचा भाता मारला. निवृत्तीच्याच वर्षी तो डावा खांदा आखडला आणि डॉक्टर म्हणाले, पेटी बंद. घरात सगळ्यांना फार वाईट वाटलं. बाबा म्हणाले, "आता आराम कर." माझा धाकटा भाऊ निनाद म्हणाला, "लाइट घे, मम्मी." आणि मी राबणाऱ्या बायकांच्या सांध्यांवर एक पत्रक लिहिलं. (पत्रकं लिहिणं हेच माझं काम आहे. बस थांब्यांना सावली हवी, अफझलगंजच्या बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह हवं. भाषा कडक, मागण्या ठळक अक्षरात.) आईच्या खांद्याला शेक द्यायला मात्र तिघांतलं कोणी उठलं नाही.

आईने मग आमची वाट बघणं सोडलं. निनादचा जुना लॅपटॉप फडताळातून काढला, पुसला आणि त्यावर सॉफ्टवेअर सिंथेसायझर शिकायला लागली. म्हणजे लॅपटॉपच्या आत राहणारं वाद्य. भाता नाही, उचलायचं ओझं नाही. त्यात आधी एक कच्ची भणभण निवडायची, तिच्यातलं नको ते गाळून टाकायचं, आणि उरेल त्याला वळण द्यायचं: सूर किती सावकाश उमटावा, किती वेळ रेंगाळावा. "पालेभाजी निवडल्यासारखं आहे," आई म्हणायची. "अर्धी जुडी टाकून दिली की मग चव येते."

आम्ही "वा वा" म्हणायचो आणि फोन बघायचो.

तेवढ्यात पुढच्या गल्लीतल्या विजया टीचर आल्या. त्या मुलींना नाच शिकवतात. नामपल्लीच्या एका सभागृहात त्यांच्या मुली नदीवर नाच बसवणार होत्या आणि त्यांना सात मिनिटांचं संगीत हवं होतं. ते त्यांनी आईकडे मागितलं. हे नीट समजून घ्या. अठ्ठावीस वर्षं आईने दुसऱ्यांची गाणी दुसऱ्यांच्या पोरांच्या पट्टीत वाजवली. तुमचं स्वतःचं काहीतरी द्या, असं तिला जन्मात पहिल्यांदा कोणी म्हणालं होतं, आणि म्हणणारी व्यक्ती घरातली नव्हती.

तर तो रविवार.

"मला एक वस्तू हवी आहे," आई म्हणाली. बावीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं, असं निनाद नंतर म्हणाला. (तो बावीसचा आहे. मी सव्वीसची.) "तीन वाद्यं मी लावून बघितली. पंधरा-पंधरा दिवस फुकट वापरू देतात. त्यातलं लहानवालं मला पसंत आहे. तेवढं कोणीतरी ऑनलाइन घेऊन द्या. माझ्याच्याने कार्डाचं होत नाही. फोनवर तो आकडा येतो, चष्मा लावून इकडे टाकेपर्यंत त्याची वेळ संपून जाते."

एवढंच काम. सहा आकडे टाकायचे होते.

"तीन बघितलीस ना? मग तुलनात्मक तक्ता पाहिजे," बाबा म्हणाले.

बाबांची हयात सचिवालयात गेली. फाइलीला ते अजून आजोबांसारखं मिसल म्हणतात. आमच्याकडे मिक्सरचं भांडं बदललं ते मिसलीवर, माझ्यासाठी स्थळं बघितली ती मिसलीवर. (दोन्ही मिसली प्रलंबित होत्या, पैकी भांडं आलं.) त्यांनी कागद घेतला, पट्टी घेतली, रकाने आखले: अनुक्रमांक, वाद्याचं नाव, तयार आवाज किती, माहितीपुस्तिकेची पानं किती, शेरा.

"आणि ऐकायला कसं आहे, ते?" आईने विचारलं.

"ते शेऱ्यात येईल. सांग, लहानाचं काय लिहू?"

"त्याचा खर्जातला सा जरासा हलतो," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "एका जागी उभा राहत नाही. जुन्या पेटीचा हलायचा ना, तसा. बाकी दोन्हींचा सा इतका सरळ आहे की..."

बाबांनी लिहिलं, 'सूर अस्थिर.' आणि खाली रेघ मारली.

"ते लहानवालं दिसायलाच बेकार आहे, मम्मी," निनाद म्हणाला. "कॅल्क्युलेटर आहे का काय की. हे दुसरं बघ, ह्यात लाटा हलताना दिसू लागल्यात. सगळे डीजे हेच वापरतात."

"मला कुठं डीजे व्हायचंय?"

"नाही झालीस तरी दिसायला तर पाहिजे ना."

इथे मी मध्ये पडले. आईच्या बाजूने, हे ध्यानात घ्या.

"आई, तू लहानच का मागू लागलीस?"

"मला आवडलं म्हणून."

"असं तुला वाटतं."

(हे वाक्य मी माझ्या आईला म्हणाले. जिने मला सा आणि रे यातला फरक शिकवला तिला.) मग मी उभी राहिले. बायका शेवटची पोळी खातात, पंख्यापासून लांबची खुर्ची घेतात आणि सिंथेसायझरसुद्धा लहानच मागतात, हे काय आहे? ही आवड नाही, आई, हे तुझ्याकडून मागवून घेतलं जातंय.

"कोण मागवून घेतंय?"

"व्यवस्था."

आईने वळून स्वयंपाकघराकडे बघितलं, तिथं कोणी उभं आहे का म्हणून.

मी तिच्यासाठी तिसरं मागितलं. सर्वांत मोठं. हजारो आवाज, सनया, नगारे, चर्चमधली घंटा, शंभर जणांचा वाद्यवृंद. "मला एकच आवाज हवाय गं," आई म्हणाली. मी म्हणाले, "मागायचं तर सगळं मागायचं."

मग मतदान. बाबांनी पुस्तिका सर्वांत जाड म्हणून निनादच्या चकचकीत वाद्याला मत दिलं. निनादनेही त्यालाच दिलं. मी मोठ्याला. आईने हात वर करायला घेतला, तर बाबा म्हणाले, "तू लाभार्थी आहेस, तुझं मत ग्राह्य नाही." हे मात्र मी ऐकून घेणार नव्हते. मी टेबलावर मूठ आपटली. जिच्यासाठी निर्णय होतोय तिलाच मत नाही? एका स्त्रीचा आवाज ह्या घरात असा दाबला जातो? बाबा वरमले. "बरं, असू दे तिचं मत." आई जेवण गार होतंय म्हणून पानं घ्यायला उठली होती, म्हणून वेळ वाचावा अशा हेतूने तिचं मत मीच नोंदवलं. मोठ्याला. दोनास दोन झाली, आणि लाभार्थीचं मत असलेली बाजू वजनदार, हा मुद्दा मी जिंकला. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मंजुरी निघायला आठवडा लागला, कारण बाबांनी ती स्वतःकडून स्वतःकडे पाठवली आणि मध्ये दोनदा खुलासा मागवला. तेवढ्या काळात मी गप्प बसले असते तर मी कसली कार्यकर्ती? अफझलगंजच्या छापखान्यातून 'आईला मोठंच वाद्य' ह्या मथळ्याचं पत्रक छापून आणलं आणि गल्लीत वाटलं. लोक बँकेच्या अटी वाचतात तसं निनाद मराठी वाचतो; शेवटची ओळ बघून तो म्हणाला, "मस्त आहे, ताई." आईने उरलेली पत्रकं लोणच्याच्या बरण्यांखाली घातली.

"अशू, माझ्या लहान्याचे सहाच दिवस उरलेत," ती म्हणाली. नंतर म्हणाली, "अशू, तीन दिवस." दोन्ही वेळा मी म्हणाले, "अगं, तुझ्यासाठीच लढू लागले ना."

मोठं वाद्य आलं. आईने फुकट लावून बघितला होता तो त्याचा छोटा नमुना, हे अख्खं होतं. ते उतरवून घ्यायला दोन दिवस गेले, आणि घरातलं इंटरनेट दुसऱ्या कशालाही पुरेना. मंगळवारी सकाळी आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो. लॅपटॉपचा पंखा असा घुमायला लागला की बाबांनी टेबलावरचे कागद उचलून घेतले. आईने सा दाबला. काहीच नाही. मग पुष्कळ वेळाने पोटात गुरगुरल्यासारखा आवाज आला, तुटत तुटत, मध्ये एक सनई ठसकली आणि पडदा काळा झाला.

"रॅम कमी पडू लागली," निनाद म्हणाला. "नवा लॅपटॉप लागेल."

"त्याची वेगळी मिसल होईल," बाबा म्हणाले.

आईने लॅपटॉप पुन्हा चालू केला आणि आपलं लहान वाद्य उघडलं. त्या जागी एक राखाडी चौकट आली. मुदत संपली होती, त्याच सकाळी. फुकटच्या प्रतीत ऐकता येतं, बाहेर काढून घेता येत नाही. आईने त्यात बांधलेली पाच मिनिटं त्या चौकटीच्या पलीकडे होती. दोन मिनिटं बांधायची उरली होती. कार्यक्रम शनिवारी होता.

"आता तरी लहानवालं घ्या," ती म्हणाली.

"एका कामाला दोन मंजुऱ्या? नियमात बसत नाही," बाबा म्हणाले.

आणि मी? मी म्हणाले, "आई, आता लहानाकडे परत जाणं म्हणजे माघार."

आईने लॅपटॉप मिटला. "कुकर लावते," म्हणाली आणि आत गेली.

शनिवारी आम्ही नामपल्लीला गेलो. नुमाइशचे, म्हणजे इथल्या मोठ्या प्रदर्शनाचे दिवस, गर्दीत ऑटो लांबच सोडावी लागली, सभागृहापर्यंत चालत. आई नारायणपेठ नेसली होती. मुली नाचल्या त्या कोणाच्या तरी फोनवरच्या तयार संगीतावर: बासरी, आणि नळ उघडा राहिल्यासारखं पाणी. आईने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. डावा हात वर जात नाही, म्हणून मांडीवर ठेवून त्यावर उजवा वाजवला.

नंतर विजया टीचरनी मला बाजूला घेतलं. "अश्विनी, मम्मी का वो नदी वाला म्यूझिक तुमको कैसा लगा था?"

मी सुरुवात केली. कंपन्यांचं धोरण, मुदतीच्या अटी, ग्राहकाची पिळवणूक.

"वो नहीं मा. म्यूझिक. कैसा लगा?"

मी पुन्हा मुदतीच्या अटींकडे वळले.

"अय्यो. घर में कोईच नहीं सुना?"

"दो हफ्ते उसपे चर्चा किये हम, टीचर."

"चर्चा किये," त्या म्हणाल्या. "मैं सुनी. तुम्हारेच किचन में, हेडफोन लगा के. नीचे का जो सा था ना, हिलता था. गर्मी में अपनी मूसी नदी ऐसीच रहती. पानी थोड़ा, मगर हिलता. मेरे को रोना आ गया. मम्मी चाय बना के पिलाई."

आई दारात चपला शोधत होती. "चला लवकर," तिने हाक मारली. "मग ऑटो मिळणार नाही."

ऑटोत मी तिला विचारलं, "मला का नाही ऐकवलंस?"

"ऐकवणार होते की. त्या रविवारी. लॅपटॉप टेबलावर आणूनच ठेवला होता, हेडफोन लावून." मग म्हणाली, "बाबांनी त्याच्यावर कागद ठेवून तक्ता आखला."

सोमवारी ती विजया टीचरकडे गेली. त्यांच्या लेकीने सहा आकडे टाकले. बाहेर दूधवाल्याची घंटी वाजत होती, ती थांबायच्या आत काम झालं, असं आई सांगते. लहान वाद्य उघडलं, पाचही मिनिटं जशीच्या तशी आत होती. उरलेली दोन तिने त्या आठवड्यात बांधली. पण नाच होऊन गेला. पुढच्या वर्षी टीचरच्या मुली दुसरा विषय घेणार आहेत. ही सात मिनिटं आता कोणासाठीच नाहीत, आणि ते आमच्यामुळे. बाबांनी मिसल बंद करून शेरा मारला आहे, 'उद्देश साध्य.'

मी आईकडे गेले आणि म्हणाले, ऐकव. तिने माझ्या कानांवर हेडफोन चढवला. "मध्ये बोलायचं नाही," म्हणाली.

आता तुमच्याकडे मागणी. एकच आहे, आणि ती वाटाघाटीची नाही. तुमच्या घरात कोणीतरी कोपऱ्यात बसून काहीतरी करतंय, आणि तुम्हाला त्याबद्दल मत आहे. आज जा. तिच्यासमोर बसा. ऐकव म्हणा, दाखव म्हणा. तक्ता आखू नका, दुसरं स्वस्त-मस्त सुचवू नका, आणि कृपा करून तिच्या वतीने लढू नका. मी सहाव्या मिनिटापर्यंत टिकले. तिथे मी म्हणाले, "आई, हे लोकांपर्यंत पोचलं पाहिजे, थांब, मी काहीतरी करते," आणि तिने हेडफोन काढून घेतला. शेवटचं मिनिट मी अजून ऐकलेलं नाही. तुम्ही सातही मिनिटं तोंड मिटून बसा.