मिल्कामावशींचा मलिदा

हळदीकुंकवाला आलेली बाई, कुंकवाचं बोट पुढे केल्यावर डोकं मागे घेते, हे मी अमेरिकेत, एडिसनमध्ये पहिल्यांदा पाहिलं. साल होतं एक्क्याऐंशी. दोनच दिवसांपूर्वी तिथल्या भारतीय वाणसामानाच्या दुकानात पोह्यांची पिशवी हातात धरून ती स्वतःशी मराठीत पुटपुटताना मला दिसली होती. नाव मिल्का, आडनाव झिराडकर, माहेर अलिबागकडचं. एवढं कळल्यावर मी कशाला पुढचं विचारतेय? दिलं आमंत्रण.

“राग मानू नकोस हं,” ती म्हणाली. “आम्ही बेने इस्राएल. ज्यू. गावाकडे आम्हाला शनवार तेली म्हणत. आमचे लोक शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे ना, म्हणून.”

मी कुंकवाची कोयरी खाली ठेवली आणि तिच्याशेजारी बैठक मारली. पुण्यात लाल देवळावरून, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगवरून, मी हजारदा गेले असेन, पण आत कोण जातं, काय म्हणतं, हे कधी विचारलं नव्हतं. ती सगळी कसर मी त्या संध्याकाळी भरून काढली. बाकीच्या बायका ओटीसाठी ताटकळल्या तर ताटकळू देत. मला चौकशा केल्याशिवाय अन्न गोड लागत नाही, हे माझ्या नवऱ्याचं मत आहे आणि ते खरं आहे.

तेव्हापासून त्या माझ्या मिल्कामावशी झाल्या. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात बारीक चांदणी. पुढे यजमान गेले. राहिला एकुलता एक रूबेन, आणि त्याचं हृदय जन्मापासून अधू. वडील गेल्यावर वर्षभरातच त्याचं पहिलं ऑपरेशन झालं, तेव्हा मावशींनी एलियाहू नबीला मलिदा बोलला. हा नबी म्हणजे त्यांचा अडीअडचणीला धावून येणारा. आणि मलिदा म्हणजे गूळ, ओलं खोबरं, वेलची घालून कालवलेले पोहे, ताटाभोवती फळं, आणि सगळ्यांनी मिळून केलेली प्रार्थना.

रूबेन बरा झाला, पण नवस फेडायचा राहिला. मावशींच्या घरची रीत अशी की दहा ज्यू पुरुष जमल्याशिवाय मलिदा करायचा नाही, आणि आमच्या भागात बेने इस्राएलांचं घर त्यांचं एकट्यांचं. शहाऐंशीच्या फेब्रुवारीत सतरा वर्षांच्या रूबेनचं दुसरं ऑपरेशन करायचं ठरलं आणि मावशींची झोप उडाली.

“पहिला नवस फेडला नाही, शैला,” त्या म्हणाल्या. “आता दुसऱ्यांदा कोणत्या तोंडाने मागू?”

त्यांच्या सिनेगॉगचे धर्मगुरू, रॅबाय कॅट्झ, वयाने तरुण आणि स्वभावाने सज्जन. त्यांनी बिचाऱ्यांनी मलिदा सगळ्या पुस्तकांत शोधला. मिळाला नाही. जो विधी पुस्तकात नाही, त्याला मी माणसं कशी बोलावू, असं त्यांनी मावशींनाच विचारलं. माझं डोकं फिरलं. मावशींचं फिरलं नाही. “पुस्तकात कोणी काय घातलं ते तरी बघू,” म्हणाल्या, आणि रॅबायच्या मंगळवारच्या वर्गात जाऊ लागल्या. अंधारात त्या ड्राइव्ह करत नसत, म्हणून मी न्यायची. मग गाडीत बसून थंडीत कुडकुडण्यापेक्षा मीही आत शिरले.

वर्ग येशूच्या आधीच्या काळावर होता, आणि मला तो फार आवडला. बाबिलोनहून परतलेला एज्रा लाकडी चौथऱ्यावर उभा राहून सकाळपासून दुपारपर्यंत धर्मशास्त्र वाचून दाखवतो. लोक ऐकता ऐकता रडू लागतात. तेव्हा त्यांना सांगण्यात येतं, रडू नका, घरी जा आणि गोडधोड खा. “गोडधोड,” मावशींनी मला कोपराने ढोसलं. मग नहेम्या. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागायच्या आत तो यरुशलेमच्या वेशी बंद करतो, शनिवारचा बाजारच उठवतो. हे ऐकताना मावशी अशा ताठ बसल्या, की वेशीची किल्ली त्यांच्याच कनवटीला असावी. “आणि इकडे आमचा घाणा बंद,” त्या कुजबुजल्या.

मग आले मक्काबी, ज्यूंमधले बंडखोर. त्यांनी लढून मंदिर परत मिळवलं, शुद्ध केलं, आणि दरवर्षी आठ दिवस दिव्यांचा सण पाळायचा असं ठरवून टाकलं.

“ठरवून टाकलं? कोणाला विचारून?” मी बोलून गेले. मी तिथे पाहुणी, पण तोंडाला लगाम नाही.

रॅबाय हसले. म्हणाले, पुढाऱ्यांनी ठरवलं आणि लोकांनी पाळलं, की त्याची रीत व्हायची. पाळलं नाही, तर ते विसरलं जायचं.

मावशी उठल्या आणि सरळ फळ्यापाशी गेल्या. तिथे काढलेल्या कालरेषेवर नहेम्या आणि मक्काबी यांच्या मधल्या रिकाम्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं. “आमची जुनी माणसं सांगायची, इथे कुठेतरी आमची बोट सुटली. कोकणात, नवगावला येऊन फुटली. हा दिव्यांचा सण आमच्या लोकांना माहीतच नव्हता. कितीतरी पिढ्यांनी बाहेरून गुरुजी आले, त्यांनी शिकवला.”

रॅबाय म्हणाले, त्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. “असू देत,” मावशी म्हणाल्या. “दहा पुरुषांचा नियम कोणी घातला?”

“मक्काबींच्याही नंतरच्या पंडितांनी. लिहून तर फारच उशिरा ठेवला.”

“बोट फुटली तेव्हा सात पुरुष आणि सात बायका वाचल्या म्हणतात. म्हणजे पोरं मोठी होईपर्यंत त्यांचे दहा झालेच नसतील. तोवर देवाने त्यांचं ऐकलं नाही का?”

रॅबायनी खडू खाली ठेवला. “मला माहीत नाही,” ते म्हणाले. तो माणूस मला त्या क्षणी आवडला. आम्ही गाडीत बसलो तर रॅबाय बिनकोटाचे धावत आले. “शनिवारी, शब्बाथ संपल्यावर,” त्यांनी काचेतून सांगितलं. “माणसं मी आणतो.”

ऑपरेशन सोमवारी होतं.

शनिवारी दुपारपासून बर्फ पडू लागला. बघता बघता गाड्या दिसेनाशा झाल्या. माणसं येणार कशी या काळजीने मी माझ्या अकलेने तजवीज केली. माझा नवरा गिरीश आणि आमच्याच बिल्डिंगमधले श्रीरंग आणि हेमचंद्र यांना पकडलं. डोकं झाकलेलं हवं हे मला वर्गामुळे ठाऊक झालं होतं. मराठी मंडळाच्या गणपतीच्या खोक्यातून तीन पांढऱ्या टोप्या काढल्या आणि तिघांच्या डोक्यावर चढवल्या.

अंधार पडल्यावर रॅबाय गुडघ्यापर्यंत ओले होऊन मावशींच्या घरी आले. पाठोपाठ वर्गातले पाच जण. रूबेन धरून सात, आणि माझे तीन टोपीवाले.

“दहा झाले!” मी जाहीर केलं. मला काय आनंद झाला होता.

रॅबायनी मोजायला सुरुवात केली. त्यांच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे, दर माणसामागे त्यातला एक शब्द म्हणतात. सातव्या शब्दावर ते थांबले आणि टोप्यांकडे बघू लागले. श्रीरंगने टोपी सारखी केली. तुम्ही ज्यू आहात का, असं त्यांनी हळूच विचारलं.

“नो,” श्रीरंग म्हणाला. “बट वी आर मराठी.”

रूबेनला हसू फुटलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढे मंगळवार बसून मला एवढंही कळू नये? दहाची प्रार्थना मी आज म्हणू शकत नाही, रॅबाय म्हणाले, आणि त्यांना ते सांगताना खरंच वाईट वाटत होतं.

“ममा, कॅन्सल करू या,” रूबेन म्हणाला. “इट्स ओके. रिअली.”

मावशी ताटाजवळ उभ्या होत्या. त्यांनी एकेका पुरुषाकडे सावकाश पाहिलं. रॅबाय, ते पाच जण, आणि शेवटी आपला मुलगा.

“नवगावला होते तेवढे आलेत,” त्या म्हणाल्या. “बसा सगळे.”

मी रॅबायना इंग्रजीत सांगितलं. ते ओले बूट काढून सतरंजीवर बसले. “मग सुरुवात तुम्ही करा, मिसेस झिराडकर,” ते म्हणाले. “तुमची रीत मला येत नाही.”

गावाकडे हे काम पुरुषाचं, बायका मागे बसायच्या. मावशींनी जन्मात कधी प्रार्थना चालवली नव्हती. पदर डोक्यावरून घेतला आणि एलियाहू नबीला हाक घातली. पहिली ओळ अडखळली, मग सूर लागला. ते पाच जण, शब्द ओळखीचे लागतील तिथे, मागून म्हणू लागले. आमचे टोपीवाले भिंतीशी हात जोडून बसले होते, आणि मी चक्क रडत होते.

शेवटी मावशींनी ताटातला मलिदा आधी रूबेनच्या हातावर ठेवला. त्याने खाईपर्यंत त्या त्याच्यासमोरून हलल्या नाहीत.

“फेडला,” त्या मला म्हणाल्या. “आता सोमवारी मागायला मला तोंड आहे.”